बारा तुकडे निल आले, मग एमआरआयमध्ये गाठ कुठून आली? (सोनोग्राफीखालची प्रोस्टेट बायोप्सी)

कराडचा_धाकटा

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, पण घरात बोलायची सोय नाही म्हणून इथे विचारतो.

अण्णा (वडील) ७१ वर्षांचे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं फिटर होते. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागायचं म्हणून दाखवलं, तर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी, आकडा वाढला की कॅन्सरची शंका घेतात) ९.८ आला. फेब्रुवारीत गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून बायोप्सी केली, बारा तुकडे घेतले. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही. आम्ही पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. ऑगस्टमध्ये पुन्हा पीएसए केला तर ११.६. मग एमआरआय झाला. त्यात प्रोस्टेट ग्रंथीच्या अगदी पुढच्या भागात डावीकडे ९ मि.मी.चा डाग, पायरॅड्स ४ (एमआरआयवरून कॅन्सरची शंका किती, याची एक ते पाच अशी पट्टी). आता परत बायोप्सी करायची म्हणतात, या वेळी खालून, अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून.

सोनोग्राफीत ग्रंथीचं माप ५५ × ४४ × ४९ मि.मी., ६२ सीसी. यातले ४४ मागून पुढे.

अण्णांचा प्रश्न जसाच्या तसा लिहितो: "आरं, बारा भोकं पाडली आन एकबी लागलं न्हाई? टीव्हीवर बघून मारत हुते की! किती सुतानं चुकली ते इचार डाक्टरला."

डॉक्टरांना सुताचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण प्रश्न माझाही तोच आहे. सुई पडद्यावर दिसत असताना चुकते कशी? आणि दुसऱ्यांदा चुकणार नाही कशावरून? पुण्यात एमआरआय आणि सोनोग्राफी जुळवणारं फ्यूजन मशीन आहे म्हणतात, तिकडे न्यावं का? खर्च बराच वाढतो. ताईचं म्हणणं, पहिल्या डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला, त्यांच्याकडे परत पाऊल टाकायचं नाही. घरात त्यावरून दोन तट पडलेत.

निवृत्त_पोस्टमास्तर

धाकटे, मी दोन्ही प्रकारांतून गेलोय, २०१६ला मागून आणि २०२२ला खालून. कुठून काय ते तज्ज्ञ सांगतील, मी फक्त आवाजाचं सांगतो. सुई मारायची स्प्रिंगची गन सुटते तेव्हा स्टेपलर मारल्यासारखा खट् आवाज येतो. दुखण्यापेक्षा माणूस त्या आवाजाला दचकतो. डॉक्टरांनी आधी एकदा हवेत मारून ऐकवला तर बरं पडतं, माझ्या डॉक्टरांनी ऐकवला होता. खालून करताना पाय वर टांगून ठेवतात. बाळंतिणीसारखे, असं मी म्हटलं तर सिस्टर हसल्या.

लघवीत दोन-तीन दिवस रक्त, वीर्यात तर महिनाभर तांबूस रंग. घाबरू नका. ताप मात्र अंगावर काढायचा नाही, थंडी वाजून आला तर रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठायचं. मागून केलेल्या वेळी मला चार दिवस ॲडमिट व्हावं लागलं होतं ते त्यामुळेच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

स्क्रूड्रायव्हर_पुणे

मी डॉक्टर नाही. सोनोग्राफी मशीनच्या दुरुस्तीत २२ वर्षं गेली, त्यात बायोप्सीचे प्रोब आणि गाईड पुष्कळ हाताळले. उपचाराचं डॉक्टरांना विचार. सुई, गाईड आणि पडदा यांचं माझ्याकडून ऐक. आणि हे अण्णांना वाचून दाखव, त्यांना तुझ्याआधी कळेल.

आधी सुताचा हिशोब करू. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मि.मी.हून किंचित जास्त. ग्रंथी मागून पुढे ४४ मि.मी., म्हणजे १४ सूत. बायोप्सीची गन सुटली की सुई साधारण २२ मि.मी. पुढे जाते, म्हणजे सात सूत. तुमचा डाग पार पुढच्या अंगाला. मागून, गुदद्वाराच्या भिंतीला टोक टेकवून गन मारली तर सुई निम्म्यावर थांबणार. १४ सुताच्या फळीत सात सुताचा खिळा ठोकला आणि पलीकडच्या गाठीला लागला नाही, तर नेम चुकला म्हणायचं का? तो तिथवर गेलाच नाही. पुढचा भाग हवा असेल तर सुई आधी हाताने आत सरकवून मग गन मारावी लागते, आणि तिथे काही आहे हे माहीत असल्याशिवाय ते कुणी सहसा करत नाही.

त्या सात सुतातलंही सगळं हाताला येत नाही. आतल्या सुईला एक खाच असते, तुकडा त्या खाचेत येतो. खाच टोकापासून काही मि.मी. मागे सुरू होते. टोकाकडचा भाग नुसता भोक पाडतो, आणत काही नाही.

आणि बारा म्हणजे खूप वाटतात ना? एक तुकडा फार तर १५ मि.मी. लांब आणि मिलिमीटरभर जाड, शेवयांतली एक काडी. घनफळ काढलं तर बारा काड्या मिळून ०.१४ सीसी. ग्रंथी ६२ सीसी. म्हणजे जवळजवळ साडेचारशेवा भाग तपासला गेला. माती परीक्षणाला शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची मूठभर माती घेतात, तसली ही पद्धत आहे. १९८९ साली स्टॅनफर्डमधून सहा ठिकाणांचा नकाशा आला, पुढे तो बारावर गेला. बहुतेक कॅन्सर ग्रंथीच्या मागच्या-बाजूच्या पट्ट्यात उगवतात म्हणून काड्याही तिथल्याच घेतात. पुढचा भाग त्या नकाशात जवळपास नाहीच.

तेव्हा ताईंना सांग, फेब्रुवारीत कुणी नेम धरलाच नव्हता. एमआरआय आधी झाला असता तर धरला असता, ही तक्रार करायची तर जरूर करा, ती रास्त आहे. २०१८ साली प्रिसिजन नावाचा अभ्यास आला, ११ देशांतले ५०० पुरुष. निम्म्यांना आधी एमआरआय आणि त्यात काही दिसलं तरच त्या जागेची बायोप्सी, निम्म्यांना सरसकट दहा-बारा तुकडे. दखल घेण्याजोगा कॅन्सर पहिल्या गटात ३८ टक्के लोकांत सापडला, दुसऱ्यात २६ टक्के. शिवाय पहिल्या गटातल्या चौथाईहून जास्त लोकांना सुई टोचावीच लागली नाही. पण आपल्याकडे एमआरआयचं बिल बघून आधी बायोप्सीच सांगितली जाते, हेही खरं.

आता नेम धरल्यावर सुई कुठे चुकते ते सांगतो. अण्णांनी ड्रिलचं जिग (भोक नेमक्या जागी पडावं म्हणून लावतात तो साचा) वापरलंय का विचार. वापरलंच असणार. प्रोबवर बसणारं सुईचं गाईड म्हणजे जिगचा बुश, ड्रिलला वाट दाखवणारी नळी, दुसरं काही नाही. मशीन पडद्यावर ठिपक्यांची रेष काढतं आणि सांगतं, सुई इथून जाईल. ती रेष काही मशीनने सुई बघून काढलेली नसते. मेनूत जे गाईड निवडलंय, ते नव्यासारखं घट्ट बसलंय असं धरून काढलेली असते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातून फोन आला, "रेष एकीकडे, सुई दुसरीकडे". मी प्लास्टिकच्या टबात पाणी भरलं, प्रोब बुडवला, गाईडमधून सुई सोडली. पाच सें.मी. खोल गेली तेव्हा रेषेपासून अडीच मि.मी. बाजूला. माझ्याबरोबरचा नवा पोरगा वेगळ्याच कारणाने घाबरला: सुईवर ५० मि.मी.ची खूण, आणि पडद्यावर खोली ५२! ते मशीनचं दुखणं नव्हतं. सोनोग्राफी आवाजाच्या पडसादावरून खोली मोजते. आवाज शरीरात सेकंदाला १५४० मीटर जातो असं मशीन धरून चालतं, नळाच्या गार पाण्यात तो जातो साधारण १४८०. चार टक्क्यांचा फरक. पाणी अठ्ठेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापवलं की माप जुळतं. बाजूला जायचं खरं कारण निघालं गाईडच्या खाचेत. वर्षानुवर्षं निर्जंतुक करून क्लिपचा कान झिजलेला, आणि प्रोबवर चढवलेल्या निरोधची घडी त्याखाली आलेली. (हो, निरोधच वापरतात. त्याच्या बिलावरून एका ट्रस्टच्या हिशेबनीसाने घातलेला गोंधळ हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) गाईड तीन अंशांनी कललं होतं. तीन अंश डोळ्याला दिसत नाहीत, पण पाच सें.मी.वर त्याचे अडीच मि.मी. होतात. ९ मि.मी.च्या गाठीची त्रिज्या साडेचार. निम्म्याहून जास्त सवलत तिथेच संपली.

हे टबातलं झालं. माणसात आणखी भानगडी. पडद्यावरचं चित्र कागदासारखं पातळ भासतं, पण ते भाकरीसारखं आहे, त्याला काही मि.मी. जाडी असते. सुई भाकरीच्या एका काठाला आणि गाठ दुसऱ्या काठाला असली तरी पडद्यावर सुई गाठीत घुसलेली दिसते. म्हणून आडवं आणि उभं, दोन्ही बाजूंनी बघतात. एका प्रोबमध्ये दोन्ही चित्रं मिळण्याची सोय असते.

मग सुईचं टोक. एका बाजूने तासलेलं असतं. पटाशी ठोकली की ती धारेच्या कलाने सरकते, अण्णांनी हजार वेळा बघितलं असेल. अठरा गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप), वीस-पंचवीस सें.मी. लांबीची लवचिक सुई स्प्रिंगच्या जोरावर सुटते तेव्हा तेच होतं. जाणता डॉक्टर टोकाची तासलेली बाजू कुठे आहे हे बघून सुई फिरवून घेतो. खालून जाताना त्वचा, स्नायू असा लांबचा पल्ला असतो, तिथे वाकण्याला वाव जास्त.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: जॉब व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, धरलेला नाही! ग्रंथी आतमध्ये हलते. सुई टेकली की मागे ढकलली जाते, थोडी फिरते. प्रोब दाबला की चपटी होते. भूल टोचली की उचलली जाते. चार-सहा तुकड्यांनंतर आत रक्त साठून फुगते. फ्यूजन मशीन करतं काय, तर एमआरआयवर रेडिओलॉजिस्टने आखलेली गाठीची कड सोनोग्राफीवर आणून बसवतं. पण एमआरआयच्या वेळी ग्रंथीचा आकार वेगळा, आता प्रोबने दाबलेली वेगळी. काही मशीन ती कड ताणून-वाकवून जुळवतात, काही नुसती सरकवतात. कसंही जुळवलं तरी दोन-तीन मि.मी. इकडेतिकडे होतातच, आणि पेशंट मध्येच खोकला तर नव्याने जुळवायचं. म्हणून एका गाठीतून एक नाही, तीन-चार तुकडे घेतात, एकमेकांपासून थोडे हटवून. एमआरआयवर गाठ दिसते त्याहून प्रत्यक्षात बरेचदा मोठी असते, ते इथे सुईच्या पथ्यावर पडतं.

पुण्याला जावं का? नेदरलँड्समध्ये याची तुलना झाली, २०१९ला निकाल आला: फ्यूजन मशीन, एमआरआयच्या बोगद्यातच केलेली बायोप्सी, आणि एमआरआय नीट पाहून डॉक्टरने डोक्यातल्या डोक्यात जुळवून केलेली. महत्त्वाचा कॅन्सर सापडण्यात तिघांत फरक दिसला नाही. मी मशीनवर पोट भरणारा माणूस, तरी सांगतो, मशीनच्या नावापेक्षा हात बघा. डॉक्टरांना विचार, एमआरआयच्या फिल्म तुम्ही स्वतः रेडिओलॉजिस्टबरोबर बसून बघणार का? गाठीतून किती तुकडे घेणार? वर्षाला अशा किती करता? नीट उत्तरं मिळाली तर कराडातही होईल. चिडले तर पुणं आहेच.

निसर्गमित्र_७

सुई टोचली की कॅन्सर पसरतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण लॉबी बोलू देत नाही. गोखरूचा काढा सहा महिने घ्या. मला खाजगीत लिहा.

सूक्ष्मदर्शी

निसर्गमित्र, प्रोस्टेटमध्ये सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं इतकं दुर्मीळ आहे की त्या भीतीने निदान टाळणं हाच मोठा धोका. खाजगीत नको, इथेच लिहा, म्हणजे सगळे बघतील.

धाकटेदादा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्क्रूड्रायव्हरदादांची सुई जिथे संपते तिथून आमचं काम सुरू होतं, आणि नेम त्यानंतरही चुकू शकतो. फेब्रुवारीचे बारा तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत आले होते का, ते रिपोर्टवर बघा. आमच्याकडे अजूनही बाराच्या बारा एकाच डबीत येतात, फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायचं द्रावण) गुंतवळ होऊन. मग कुठला तुकडा कुठल्या जागेचा हे देवालाच ठाऊक. शिवाय वेटोळं झालेला तुकडा मेणात सपाट बसत नाही. आम्ही काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घेतो, त्यात त्याचा अर्धाच भाग येतो. सुईने आणलेलं आमच्या टेबलावर हरवतं! तुकडा फिल्टर पेपरवर सरळ पसरून पाठवला तर हे टळतं. सांगायला गेलं की ऑपरेशन थिएटरवाले म्हणतात, मॅडम, तेवढा वेळ कुणाला आहे.

रिपोर्टमध्ये तुकड्यांची लांबी लिहिली असेल. ती चार-पाच मि.मी.च असेल किंवा "चरबी आणि स्नायू, ग्रंथीचा भाग नाही" असं कुठे असेल, तर तो तुकडा निल म्हणून मोजू नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. अर्ज केला की मिळतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.

एक शंका. अण्णांना लघवीसाठी कुठली गोळी चालू आहे? ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल आणि सहा महिन्यांहून जास्त काळ घेत असतील, तर पीएसए साधारण निम्मा दिसतो. तो दुप्पट करून वाचायचा असतो. बरेच पेशंट "लघवीची गोळी" एवढंच सांगतात आणि हे राहून जातं.

कराडचा_धाकटा

सगळ्यांचे आभार. सूक्ष्मदर्शीताई, गोळी टॅमसुलोसिन आहे, दुसरी कुठली नाही. बाटल्या दोनच होत्या, "उजवी" आणि "डावी". लांबी ११ ते १६ मि.मी. लिहिली आहे.

स्क्रूड्रायव्हरकाका, तुमचं सगळं अण्णांना वाचून दाखवलं. सात सुताचा खिळा ऐकल्यावर गप्प बसले. मग वहीच्या मागच्या पानावर ग्रंथी काढली, पेरूसारखी, त्यात मागून बारा रेघा आणि पुढे एक टिंब. ताईला बोलावून दाखवलं आणि म्हणाले, "हितनं तिथं कसं लागंल? तूच सांग." ताईचा राग निम्मा उतरलाय. उरलेला एमआरआय आधी का नाही केला यावर आहे, आणि त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही.

खालूनच का, हे कुणी सांगेल का? जंतुसंसर्गामुळे म्हणाले डॉक्टर.

सूक्ष्मदर्शी

तेच मुख्य कारण. गुदद्वारातून जाताना सुई आतड्यातले जंतू बरोबर घेऊन ग्रंथीत शिरते, आणि त्यातल्या ई. कोलाय या जंतूला आपल्याकडे नेहमीची अँटिबायोटिक्स बऱ्याचदा लागू पडत नाहीत. पोस्टमास्तरकाकांना चार दिवस ॲडमिट व्हावं लागलं ते बहुधा त्यामुळेच. त्वचा मात्र स्वच्छ करता येते. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत आता खालूनच करावी असं आहे.

स्क्रूड्रायव्हर_पुणे

आणि तुमच्या बाबतीत दुसरं कारण भूगोल. खालून गेलेली सुई ग्रंथीच्या लांबीला समांतर चालते, त्यामुळे पुढचा भागही मागच्या भागाइतकाच सहज गाठता येतो. चौदा सुतांची फळी आरपार करायची गरजच उरत नाही. टोक मात्र गाठीच्या आधीच थांबवायचं, गन सुटल्यावर गाठ खाचेच्या मध्यावर यावी असा हिशोब करून. गाठीत टोक टेकवून गन मारली तर सुई पलीकडे जाते आणि खाचेत बराचसा गाठीपलीकडचा चांगला भाग येतो. हे नवशिक्यांकडून होतं.

कराडचा_धाकटा

उशिरा कळवतोय, माफ करा. मागच्या बुधवारी झाली, कराडातच, पहिल्याच डॉक्टरांकडे. त्यांना तुमचे तिन्ही प्रश्न विचारले. चिडले नाहीत. एमआरआयची सीडी लावून रेडिओलॉजिस्टला फोन केला आणि माझ्यासमोर पंधरा मिनिटं बोलले. फ्यूजन नाही, बघून जुळवणी. डागातून चार तुकडे, बाकी ठिकाणचे बारा, प्रत्येकाची बाटली वेगळी, वर नंबर.

काल रिपोर्ट आला. डागातल्या चारपैकी दोन पॉझिटिव्ह, ग्लीसन ३+४, ग्रेड ग्रुप २ (कॅन्सर किती आक्रमक याची श्रेणी, पाचांतली दुसरी). एकात ५ मि.मी., दुसऱ्यात ६. बाकी चौदा निल. म्हणजे चौघांतही दोन हुकल्याच. ऑपरेशन की रेडिएशन हे सोमवारी ठरेल, त्यासाठी वेगळा धागा काढतो.

अण्णांना कमरेखाली भूल दिलेली, वर पूर्ण जागे. समोर स्टँडवर भोकांची जाळी लावली होती, सुई त्यातून जाते. अण्णांनी विचारलं, भोकं किती अंतरावर? डॉक्टर म्हणाले, पाच मि.मी. "म्हंजी दीड सूत," अण्णा म्हणाले, "आन बुश घासल्यालं न्हाई न्हवं?" डॉक्टरांना काही कळेना. मग जाळी हातात देऊन दाखवली.

शेवटी अण्णांनी वापरलेली एक सुई घरी मागितली, टोक कसं तासलंय ते बघायला. सिस्टरांनी ती सरळ पांढऱ्या डब्यात टाकली, कायदा आहे म्हणे. डागापेक्षा त्याचाच जास्त राग आहे, आज सकाळपासून तीनदा बोलून झालं.